शंकेची बाटली

१

एकसारखे दिसणारे नाकतोडे ओळखायच्या कामावर जुळ्या बहिणी पाठवायच्या, हे ज्याच्या डोक्यातून निघालं त्याला विनोदाची चांगलीच जाण असणार. दोघी अशा की एकीला झाकावं नि दुसरीला काढावं. थोरली जेमतेम एका चहाच्या वेळानं थोरली होती, पण तेवढ्या भांडवलावर तिनं जन्मभर ताईपण गाजवलं. धाकटीनंही ते गाजवू दिलं, कारण ताई म्हटलं की बरीचशी कामं आपसूक ताईच्या अंगावर जात.

फरक होता तो फक्त आवाजात. थोरलीचा आवाज जाड, घोगरा. धाकटीचा बारीक, जरा नाकातला. शाळेत एकीनं दांडी मारली की दुसरी तिच्या हजेरीला ओ द्यायची. धाकटीला थोरलीचा घोगरा आवाज असा काही साधायचा की बाई मान वर न करता खूण करून पुढे जात. थोरलीला मात्र बारीक आवाज कधी जमला नाही. तिनं प्रयत्न केला की सगळा वर्ग हसायचा आणि दोघींना बाहेर उभं राहावं लागायचं.

आई त्यांना अंधारात बिनचूक ओळखायची आणि उजेडात चुकायची. आता तिची नजर पार गेली होती, त्यामुळे ती चुकतच नसे.

त्यांना पाठवलं तो माळ म्हणजे एक जुनी धावपट्टी होती. विमानं बंद होऊन जमाना झाला होता. डांबराला भेगा पडून गवत वर आलं होतं, आणि आजूबाजूला तर ते कमरेच्या वर गेलं होतं. तिथे काहीतरी मोठं बांधायचं घाटत होतं, आणि त्याआधी गवतात कोण कोण राहतं याची नोंद हवी होती. दोघींना राहायला विमानतळाच्या जुन्या मनोऱ्याखालची खोली मिळाली. दोन लोखंडी खाटा, एक टेबल, आणि एक खिडकी, जिची खालची काच फुटल्यामुळे पुठ्ठा लावलेला होता. गाडी त्यांना सोडून गेली होती आणि महिनाअखेरीला न्यायला येणार होती.

२

माळावर नाकतोड्यांच्या दोन जाती होत्या आणि सगळं त्रांगडं त्यांचंच होतं. पाठीवरची कड तीच, पंखांची लांबी तीच, मिशाही त्याच. रंगाचं म्हणाल तर एकाच जातीत हिरवा, तपकिरी, राखाडी आणि क्वचित एखादा गुलाबीसुद्धा. त्यांना शिकवणारे मोठे सर पहिल्याच दिवशी म्हणाले होते, "रंगावर जायचं नाही. रंगावर गेलात की फसलात."

ओळख एकच, गाणं. नर मागचा पाय पंखावर घासून आवाज काढतो. एका जातीचा लांबलचक कर्रर्र, दुसरीचा तुटक टिक-टिक. बहिणींनी त्यांना नावं पाडली होती, लांबण्या आणि तुटक्या.

पद्धत साधी होती. जाळीत नाकतोडा आला की चिमटीत धरायचा, दोन्ही मागचे पाय अंगाशी दुमडून. एकच पाय धरला तर तो पाय तुमच्या हातात ठेवून बाकीचा नाकतोडा पसार होतो. धरला की तो तोंडातून तपकिरी थेंब सोडतो, त्याकडे लक्ष द्यायचं नाही. मादी असेल तर सोडून द्यायची. नर असेल तर उजेडाकडे करून दोन्ही बाजूंनी बघायचा, जाळीच्या डबीत ठेवायचा, आणि छोट्या स्पीकरवर त्याला गाणं ऐकवायचं. लांबलचक गाणं लावल्यावर त्यानं जबाब दिला तर तो लांबण्या. नाहीतर तुटक गाणं लावायचं. ज्याला जबाब दिला त्याच्या जातीचा. मग डोक्यामागे रंगाचा एक ठिपका द्यायचा आणि सोडायचं. ठिपका असला की पुन्हा हात लावायचा नाही, तो मोजून झाला.

आणि दोन्हीला गप्प राहिला तर शंकेची बाटली. रुंद तोंडाची, काचेच्या झाकणाची, तळाशी औषधात भिजवलेला कापूस. त्यातले नाकतोडे सरांकडे जात आणि सर त्यांना उघडून बघत.

"कदाचित त्याला आत्ता गायचं नसेल," धाकटी एकदा म्हणाली. बाटलीतला नाकतोडा अजून पाय हलवत होता.

"मग त्याचं नशीब," थोरली म्हणाली. "आपण काय दिवसभर त्याच्या पाया पडायचं?"

धाकटीला ते बोलणं लागलं. पण झाकण तिनंच लावलं होतं.

३

एक दिवसाआड माळाचा राखणदार सायकलवर पाणी आणि दूध घेऊन यायचा. पन्नाशीचा, कमी बोलणारा माणूस. त्या दिवशी तो कॅन खाली ठेवायला वाकला आणि धाकटीला त्याच्या मानेवर, केस संपतात तिथे, एक ठिपका दिसला.

नखाएवढा, भिजलेल्या विटेच्या रंगाचा. तीळ असा नसतो. तिळाची कड कुठेतरी ढिली असते. हा कुणीतरी बेतानं दिलेला होता, हात न थरथरता. दिवसभर ठिपके देणाऱ्या माणसाला ते कळतं.

"मानेला रंग लागलाय तुमच्या," ती म्हणाली.

"जात नाही तो," राखणदार म्हणाला.

त्यानं मान वळवून दोघींकडे पाहिलं, आधी एकीकडे, मग दुसरीकडे. थोरली टेबलाशी बसून गरम पाण्याचे घोट घेत होती. आदल्या दिवशी सकाळी गार वाऱ्यात फिरून तिचा घसा बसला होता आणि आवाज पार गेला होता. ओठ हलत, बाहेर नुसती हवा येई.

"यांना काय झालं?"

"घसा धरलाय. दोन दिवसांत येईल आवाज."

राखणदार बराच वेळ कॅनचं झाकण फिरवत बसला. झाकण कधीच बसलं होतं.

"आधी आम्ही दोघं होतो इथे," तो म्हणाला. "मी आणि माझा चुलतभाऊ. एका साच्यातले. बायकोसुद्धा पाठमोरं पाहून फसायची."

"आता कुठे असतात ते?"

"तो जन्मापासून मुका होता," राखणदार म्हणाला. विचारलं काय आणि सांगतोय काय, असं धाकटीला वाटलं. सायकलवर बसल्यावर तो पुन्हा थांबला. "गवतात कुणी हाक मारली तर ओ द्या. पण ज्याची त्यानंच द्यायची."

तो गेल्यावर थोरलीनं कपाळाजवळ बोट फिरवून त्याचा एक स्क्रू ढिला असल्याची खूण केली. धाकटी हसली. एकट्या माणसाला माळावर असं होत असेल, असं तिनं स्वतःला समजावलं आणि ते तिला पटलंही.

४

संध्याकाळी दिवसभराचं रेकॉर्डिंग ऐकायचं असे. रेकॉर्डर सकाळी गवतात ठेवायचा, उन्हं उतरल्यावर उचलून आणायचा, आणि कानाला हेडफोन लावून कोण किती गायलं ते मोजायचं. धाकटीला हे काम आवडायचं. डोळे मिटले की माळ डोक्यात यायचा.

कर्रर्र. टिक-टिक. वारा. कर्रर्र.

मग मागून कुठूनतरी, जाड, घोगऱ्या आवाजात, "धाकटे."

तिनं डोळे उघडले. थोरली समोरच्या खाटेवर बूट काढत होती. आधी लेस सोडली, मग टाच दाबून बूट काढला. रेकॉर्डिंग आजचं होतं. थोरलीच्या तोंडून कालपासून एक अक्षर फुटलं नव्हतं.

जुन्या फायलीतलं काहीतरी मिसळलं असेल. पण कार्ड सकाळीच नवं घातलं होतं, तिनं स्वतः. वाऱ्यात कधीकधी माणसाचा आवाज असल्यासारखा वाटतो. पण वारा नावानं हाक मारत नाही. ती असे दोन्ही बाजूंनी वाद घालत असतानाच हाक पुन्हा आली. "धाकटे." त्याच चढानं, तेवढ्याच लांबीची. थोडं थांबून पुन्हा तीच. माणूस तीनदा हाक मारतो तेव्हा तिसऱ्यांदा चिडतो. हा आवाज चिडला नव्हता.

मग नाकतोडे एकदम बंद झाले, सगळे. आणि त्या शांततेत बारीक, नाकातल्या आवाजात तिनं स्वतःला ऐकलं. "ताई."

हेडफोन तिनं थोरलीच्या कानाला लावले. थोरलीनं ऐकलं, भुवया उंचावल्या, खांदे उडवले. तिचं हसू आवाजाविना आलं. ओठांनी ती म्हणाली, जुनं असेल.

"आपण कधी असं बोलतो?" धाकटी म्हणाली. "ऐक ना. ही हाक कुणाला मारलेली नाहीये. नुसती लावलेली आहे."

थोरलीनं पांघरूण डोक्यावरून घेतलं.

५

दुसऱ्या दिवशी धाकटी एकटीच माळावर गेली. ऊन चांगलं चढलं होतं, नाकतोडे ऐन भरात होते. धावपट्टीच्या पलीकडे, जिथे त्या अजून गेल्या नव्हत्या, तिथे गवत विचित्र पडलेलं दिसलं. जनावर बसल्यावर गवत खाली दबतं. हे दोन बाजूंनी आत दाबलेलं होतं, आणि मध्ये एक माणूस मावेल एवढी उभी फट होती.

फटीत एक बूट होता. पुरुषाचा, जुना, पावसानं कडक झालेला. त्याची लेस बांधलेली होती. पक्की, दुहेरी गाठ मारून.

बूट काढणारा माणूस आधी लेस सोडतो. धाकटी तिथे उभी राहिली आणि हा एवढा एकच विचार तिच्या डोक्यात फिरत राहिला. मग तिला चिमटीत राहिलेले नाकतोड्यांचे पाय आठवले, आणि ती पळत सुटली.

खोलीत आल्यावर तिनं थोरलीला मिठाच्या पाण्याच्या गुळण्या करायला लावल्या, पुन्हा पुन्हा, थोरली वैतागेपर्यंत. "आ कर. नुसतं ओ म्हण. माझ्यासाठी." थोरलीनं तोंड उघडलं. हवा आली. धाकटीनं कात्री घेतली आणि थोरली हात झटकत असताना तिची वेणी मानेपाशी कापली. आपला लाल स्वेटर तिच्या अंगात घातला. दोन पावलं मागे जाऊन पाहिलं. आता कुणीही सांगेल की या दोघी वेगळ्या आहेत. आंधळाही सांगेल.

मग तिला सर आठवले. रंगावर जायचं नाही.

ती खाटेवर बसली आणि तिला रडू आलं. थोरलीनं आधी कापलेल्या केसांना हात लावून पाहिला, तिच्याकडे रागानं बघितलं, आणि शेवटी येऊन तिच्या पाठीवर हात फिरवत बसली. तिला वाटलं होतं बहिणीचं डोकं फिरलं. ताईपण असं की तरीही ती बसली.

६

सकाळी खिडकीबाहेरचं गवत दोन्ही बाजूंनी आत दाबलेलं होतं. पुठ्ठा खाली पडला होता. धाकटीनं सामानाला हातसुद्धा लावला नाही. रस्त्यापर्यंत चालत जायचं, मिळेल त्या गाडीनं घरी जायचं, एवढंच. खोलीत थांबून थोरलीचा आवाज यायची वाट पाहावी, असंही एकदा तिच्या मनात आलं. पण त्या फुटक्या काचेकडे बघत थांबणं तिच्यानं झालं नाही. पुढे आयुष्यभर ती या एका गोष्टीवर येऊन अडणार होती.

थोरली पुढे, लाल स्वेटरमध्ये. धाकटी मागे. धावपट्टी अर्ध्या वाटेवर संपत होती आणि तिथून रस्त्यापर्यंत गवतातली पायवाट होती. ऊन लख्ख होतं. नाकतोडे गात होते, आणि ते गातायत तोवर ठीक आहे असं धाकटीनं ठरवून टाकलं होतं.

ते बंद झाले.

"ताई," डावीकडून हाक आली. बारीक, नाकातली.

थोरलीनं वळून धाकटीकडे पाहिलं. धाकटीचं तोंड मिटलेलं होतं. थोरलीच्या चेहऱ्यावरची चेष्टा हळूहळू उतरताना धाकटीनं पाहिली, आणि त्या क्षणी तिला कुणीतरी आपल्यावर विश्वास ठेवल्याचं बरंही वाटलं.

"ताई."

थोरलीनं ओ द्यायला तोंड उघडलं. गळ्याच्या शिरा ताणल्या. हवा आली, नुसती हवा. पायवाटेच्या दोन्ही बाजूंचं गवत आत झुकू लागलं होतं, वारा नसताना.

गप्प राहणाऱ्याचं काय होतं ते धाकटीला माहीत होतं. कितीतरी झाकणं तिनं स्वतः लावली होती. शाळेत आवळायची तसा तिनं घसा आवळला आणि थोरलीच्या जाड, घोगऱ्या आवाजात मोठ्यानं ओ दिली.

आवाज तंतोतंत लागला. आणि गवत तिच्याकडे वळलं.

दुखलं नाही. दोन्ही हात अंगाशी दाबले गेले, गुडघे पोटाशी दुमडले गेले, पायाखालची जमीन गेली. पकड सवयीची होती, कामातली, रागलोभ नसलेली. तिला उन्हाकडे वळवलं गेलं, आधी एक बाजू, मग दुसरी. तोंडात काहीतरी कडू भरून आलं आणि हनुवटीवरून ओघळलं. मानेवर, केसांच्या खाली, गार आणि ओलं असं काहीतरी एकदाच टेकलं. मग तिला अलगद पायांवर उभं केलं गेलं.

ती मोजून झाली होती.

"धाकटे," आता हाक आली, थोरलीच्या आवाजात. उरलेल्या बहिणीसाठी दुसरं गाणं लागलं होतं.

धाकटी ओरडली. ओ, ओ, इथे आहे मी. पुन्हा पुन्हा ओरडली. गवताचं एक पातंही तिच्याकडे वळलं नाही. ठिपका असला की पुन्हा हात लावायचा नाही.

थोरली गवताच्या किंचित वर होती. हात अंगाशी, गुडघे दुमडलेले, लाल स्वेटर उन्हात. ती सावकाश एका कुशीवर वळली, मग दुसऱ्या. तिला काय धरून होतं ते बघायला धाकटीनं डोळे वर केले, आणि तिथे भोवतालपेक्षा जरा कमी ऊन होतं, एवढंच तिला पुढे सांगता आलं. थोरली धाकटीकडे बघत होती. तोंड उघडत होती, मिटत होती, उघडत होती.

"धाकटे."

मग औषधाचा ओळखीचा वास आला, आणि काचेवर काच बसल्याचा आवाज.

नाकतोडे गायला लागले.

७

राखणदाराला ती पायवाटेवर सापडली. मांडीवर थोरलीचा बूट होता, लेस बांधलेला, आणि ती लेस सोडायची तिची हिंमत होत नव्हती. त्यानं वाकून तिच्या मानेकडे पाहिलं.

"कुणाची ओ दिलीत?" त्यानं विचारलं.

तिनं बूट छातीशी धरला. तो तिच्याशेजारी खाली बसला, आणि सायकल गवतात पडली ती त्यानं बराच वेळ उचलली नाही.

नंतर माणसं आली, कुत्री आली, माळाचा कोपरा न् कोपरा तुडवला गेला. धाकटीला तेच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारले गेले. तिचा आवाज जाड, घोगरा येत होता. ओरडून घसा बसलाय, असं सगळे म्हणाले. डॉक्टरांनी बॅटरी लावून पाहिलं आणि घशात काही नाही असं सांगितलं.

८

आईला कुणी काही कळवलं नव्हतं. ते धाकटीनंच सांगायचं ठरलं होतं.

दुपार होती. आई नेहमीच्या खुर्चीत बसून वाटाणे सोलत होती, बोटांनी चाचपत. खोली तीच, घड्याळाची टिकटिक तीच. धाकटी उंबऱ्यातच थांबली. कितीतरी दिवसांत ती नीट झोपली नव्हती. आईच्या मांडीवर डोकं ठेवायचं आणि मग सांगायचं, एवढाच तिचा बेत होता.

"कोण?"

"मी आहे, आई."

आईचा चेहरा फुलला. "थोरले, आलीस होय! एवढे दिवस फोन नाही, काही नाही." तिनं हात पुढे केला. धाकटीनं जवळ जाऊन तो धरला. आईचा हात तिच्या चेहऱ्यावरून, लांब वेणीवरून फिरला. पण आईनं हातावर कधी भरवसा ठेवला नव्हता. ती कानांनी ओळखायची.

"आणि धाकटी कुठे राहिली? दारात चपला काढत बसली असेल. धाकटे!"

आई मान कलती करून थांबली. चेहऱ्यावर हसू होतं.

धाकटीनं घसा आवळला, सोडला, आवंढा गिळला. जन्मापासूनचा बारीक आवाज आत कुठेतरी असायलाच हवा होता. तिनं सगळा जीव एकवटून ओ दिली. ती जाड, घोगरी आली.

आई हसली आणि तिच्या हातावर हलकेच चापट मारली.

"तू नको गं तिची ओ देऊस. शाळेत आहात का अजून? तिला देऊ दे."

आणि दाराकडे तोंड करून आईनं पुन्हा हाक मारली.